पुठ्ठ्याची फेरीबोट

५ मार्च

पोरी,

तुझं पत्र मिळालं. नऊ वर्षांनी बापाची आठवण झाली, आणि ती कशासाठी, तर दोन ओळी लिहून हव्यात म्हणून. ‘बाबा, फक्त दोन ओळी.’ खुशाली विचारली असतीस तर तिसरी झाली असती, तेवढी शाई तुझ्याकडे नसावी.

तुला काय हवंय ते मला नीट कळलंय. नंतर म्हणू नकोस की म्हाताऱ्याने वेड पांघरलं. अठ्ठावीस तारखेला बंदर कार्यालयात तुझ्या नवऱ्याच्या अर्जाची शेवटची सुनावणी आहे. त्याचा परवाना परत द्यायचा की नाही ते त्या दिवशी ठरणार. मे महिन्यात तो पंचेचाळीसचा होईल, आणि त्यानंतर असला अर्ज कोणी हातातही धरत नाही. कार्यालयाचं म्हणणं असं की ज्या कप्तानाच्या जबानीवरून परवाना गेला, त्यानेच काही वेगळं सांगितलं तर पुन्हा विचार करू. तो कप्तान मी. तेव्हा मी लिहून द्यायचं की त्या सकाळी फेरीबोट खडकावर गेली ती तुझ्या नवऱ्याने चाक चुकीचं फिरवलं म्हणून नव्हे, माझा हुकूम चुकला म्हणून.

नाही लिहिणार.

एकतीस वर्षं मी ती फेरीबोट या धक्क्यावरून त्या धक्क्यावर नेली. धुक्यात नेली, वादळाच्या तोंडावर नेली, एकदा तर ताप अंगात असताना नेली. रंगाचा टवकाही उडू दिला नाही. आणि त्याने? सात महिने चाक धरलं आणि बोट खडकावर. चौकशीत तिघे अधिकारी त्याच्याकडे कान करून बसले होते. बोल म्हणाले, तुझं म्हणणं सांग. तो काय म्हणाला? ‘सांगितलं तसं केलं.’ तीन शब्द. बायकोसाठी, पोटासाठी भांडायचं असतं तेव्हाही या माणसाच्या तोंडून चौथा शब्द निघत नाही. खलाशी त्याला मौनी म्हणायचे ते उगाच नव्हतं.

हल्ली गोदामात खोकी रचतो म्हणे. हे मला तुझी आई सांगत नाही. ती फोनवर तुझ्याशी बोलताना स्वयंपाकघराचं दार तेवढं उघडं ठेवते.

माझं म्हणशील तर डिसेंबरात न्हाणीघरात पाय घसरला, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं वळत नाहीत. डॉक्टरने व्यायाम दिला, तो मी करत नाही असं तुझ्या आईने तोंड वर करून त्याला सांगितलं. मग त्याने मला दवाखान्याच्याच तळमजल्यावर एका वर्गात घातलं. कातरकाम, चिकटवणं, पुठ्ठा वाकवणं. दुखऱ्या हातांच्या म्हाताऱ्यांनी एका खोलीत बसून पोरखेळ करायचे, म्हणजे बोटं मोकळी होतात. आणि या महिन्याचा विषय काय, तर ‘समुद्र’. घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून बोटी, नांगर, दीपस्तंभ. महिनाअखेर ते दवाखान्याच्या दर्शनी खिडकीत मांडणार आहेत.

एवढंच बघायचं राहिलं होतं.

तुझा बाप
(हे पद तरी अजून कोणी काढून घेतलेलं नाही)


९ मार्च

पोरी,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत होतो असं समजू नकोस. हे लिहितोय ते बोटांना व्यायाम म्हणून, आणि या घरात माझं ऐकून घेणारं कोणी नाही म्हणून. तुझ्या आईला वर्गाबद्दल सांगायला लागलो की ती मिक्सर लावते.

वर्ग घेणारी बाई तिशीची असेल. गळ्यात दोरीने कात्री अडकवलेली, बाह्यांना खळ वाळलेली. मी तिला पुठ्ठेवाली म्हणतो, मनात. ती मला काका म्हणते, मोठ्याने. तिने आयुष्यात बोट पाहिली असेल ती कॅलेंडरवर. पहिल्या दिवशी तिने फळ्यावर नांगर काढून दाखवला, दोन्ही हूक खाली वळलेले. मी म्हटलं, बाई, हा नांगर नाही, ही छत्री आहे. सगळे हसले. तिला नाकाला मिरच्या झोंबाव्यात, तर तीही हसली आणि म्हणाली, “मग तुम्ही काढा.” मला उठून फळ्यापर्यंत जावं लागलं.

शेजारी एक निवृत्त कारकून बसतो. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळ्या एकावर एक चिकटवून दीपस्तंभ करतोय. आठवडा झाला, अजून पट्टे रंगवतोय. मोजपट्टी लावून! दीपस्तंभ एका अंगाला कलला आहे ते त्याला दिसत नाही, पण पट्टे मात्र सारखे हवेत. अशा माणसांनी जन्मभर कचेऱ्या चालवल्या.

मी ठरवलं, करायचंच आहे तर आपली फेरीबोट करू. खरी, मापात. म्हणजे या लोकांना निदान एक वस्तू धड बघायला मिळेल. शेजाऱ्याच्या फ्रिजचं खोकं आणलं, त्यातून बोटीची बाजू कापली आणि पुढच्या टोकाला वळण द्यायला गेलो, तर पुठ्ठा कडकन मोडला. दुसरी बाजू घेतली, तीही मोडली. पुठ्ठेवाली बघत उभी. “काका, याच्या पोटात नाल्या असतात. त्या उभ्या धरून कापा, मग गोल वळेल. आडव्या धरल्या की मोडणारच.” जणू ही अक्कल तिने स्वतः शोधून काढली. मी उभ्या धरून कापलं आणि वळलं, हे खरं. पण सांगायची पद्धत असते.

तिची एक खोड तर अशी आहे की माझं डोकं उठतं. कोणी काही सांगितलं की ती ते आधी म्हणून दाखवते. “झाकणाला भोक, मधोमध.” मग भोक पाडते. “दोरा दुहेरी, गाठ मागून.” मग दोरा घेते. कारकुनाला हे फार आवडतं, त्याला वाटतं आपल्या बोलण्याला वजन आलं. मी तिला स्पष्ट सांगितलं, बाई, ही पोपटपंची मी माझ्या बोटीवर बंद केली होती.

तुला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. बोटीवर अशी रीत असते की कप्तानाने हुकूम दिला की चाकावरच्या माणसाने तो मोठ्याने म्हणायचा आणि मगच चाक फिरवायचं. उजवीकडे दहा, म्हणजे दहा अंश, म्हटलं की त्याने म्हणायचं, उजवीकडे दहा. दिवसाला दोनशे वेळा. मी वर्षानुवर्षं ऐकलं. तुझा नवरा आला आणि दुसऱ्या महिन्यात मी म्हटलं, पुरे, मुकाट्याने फिरवत जा. त्याचा तो खाली मान घातलेला आवाज मला सकाळी सकाळी सोसायचा नाही. घरी जावई म्हणून ऐका, वर बोटीवर ऐका.

पुठ्ठेवालीने विचारलं, “मग तुम्ही चुकलात तर कळायचं कसं, काका?”

मी म्हटलं, मी चुकत नसे. ती म्हणाली, “अच्छा,” आणि कारकुनाच्या दीपस्तंभाकडे गेली.

बाप


१४ मार्च

पोरी,

तुझं कार्ड आलं. ‘पुठ्ठ्याचं पुरे. त्या सकाळचं लिहा.’ नवऱ्याच्या संगतीने तुझेही शब्द आटलेले दिसतात.

घे तर त्या सकाळचं. चौकशीत सांगितलं तेच आहे, एक अक्षर बदललेलं नाही, वाटल्यास नक्कल काढून जुळव.

सकाळी सव्वासातची फेरी. ऊन पडलेलं, वारा नाही, पाणी ताटासारखं. एकशेवीस माणसं, बहुतेक कामावर जाणारी. बंदराच्या तोंडाशी लाल बोया, म्हणजे खुणेचा तरंगता पिंप आहे, तो आत जाताना डाव्या हाताला ठेवायचा, कारण त्याच्या पलीकडे खडक. ओहोटी होती म्हणून आम्ही जरा डावीकडे ओढले गेलो होतो. मी केबिनमध्ये समोर बघत उभा होतो. बोया जवळ आलेला पाहिला आणि हुकूम दिला, उजवीकडे दहा. तुझ्या नवऱ्याने चाक डावीकडे फिरवलं. मी समोर बघत होतो म्हणून मला लगेच दिसलं, पण तोवर बोट खडकाला लागली. एका बाईचं गळ्याजवळचं हाड मोडलं. एका खलाशाची दोन बोटं दोरात सापडून गेली. बाकी कोणाला काही झालं नाही.

झालं. यात दोन ओळी वाढवण्याजोगं काय आहे ते तूच सांग.

त्या खलाशाने चौकशीत सांगितलं होतं की धक्का बसायच्या आधी त्याला केबिनमधून माझं हसणं ऐकू आलं. मागे दोर गुंडाळणाऱ्या माणसाला इंजिनच्या आवाजात हसणं ऐकू येतं! अधिकाऱ्यांनीही ते मनावर घेतलं नाही. समोर बघून एकटा कोण हसेल?

फेरीबोट बरी होतेय. खिडक्यांना बाटल्यांची झाकणं लावली, एकाच मापाची मिळवायला तुझ्या आईला चार घरं फिरवली. कठड्याला काडेपेटीच्या काड्या. चिमणीला औषधाची नळी, वरून चांदीचा कागद. डोलकाठीला झाडूची काडी. चहाच्या पुडीच्या खोक्याची केबिन केली आणि पुढे काच म्हणून मिठाईच्या पुड्यावरचा पारदर्शक कागद ताणून लावला. पुठ्ठेवाली म्हणाली, “काका, हात सुधारला तुमचा.” मी म्हटलं, हात माझा पहिल्यापासून चांगलाच आहे, मनगट मोडलं होतं. कारकून आला, वाकून बघत बसला. म्हणाला, वीस वर्षं या बोटीने मी कामावर गेलो, हुबेहूब आहे. त्याला बाकी काही कळत नसलं तरी हे कळलं.

तुझ्या आईने विचारलं, पोरीला काय लिहिलंत? मी म्हटलं, जे घडलं ते. ती म्हणाली, “हं.” तिचं ‘हं’ तुला माहीत आहे.

बाप


१८ मार्च

पोरी,

आज वर्गातून उठून आलो. टोपी तिथेच राहिली.

बोट पुरी झाली होती, फक्त बाजूचे दिवे लावायचे होते. प्रत्येक बोटीला डाव्या अंगाला लाल दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा. जगात कुठेही जा, हेच. खोकल्याच्या औषधाचं लाल झाकण आणि शाम्पूचं हिरवं, अशी दोन मी बाजूला ठेवली होती. बोट टेबलावर मोठी होते, म्हणून मी तिच्या तोंडासमोर खुर्ची घेऊन बसलो आणि पुठ्ठेवालीला म्हटलं, माझ्या बोटांना गोंद सोसत नाही, तू लाव. लाल डावीकडे, हिरवं उजवीकडे.

“लाल डावीकडे, हिरवं उजवीकडे,” ती म्हणाली. मग थांबली. “बोटीच्या डाव्या अंगाला, की तुमच्या?”

मी तिला म्हटलं, जे लहान पोरांना कळतं ते तुला शिकवत बसू का? मी हाताने दाखवतोय ना? इकडे!

तिने लावलं. अगदी सरळ, व्यवस्थित. मी खुर्ची मागे घेऊन बघत होतो, तेवढ्यात कारकून दीपस्तंभ हातात घेऊन उठला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. “कप्तान,” म्हणाला, “मी रोज धक्क्यावर उभा राहून तुमची बोट येताना बघायचो. समोरून येताना लाल दिवा माझ्या उजव्या हाताला असायचा. इथे तर डाव्या हाताला आलाय.”

सगळे आमच्याकडे वळले. अकरा म्हातारे आणि एक बाई. मी बोटीकडे बघितलं. मी तिच्या तोंडासमोर बसलो होतो, माझं डावं ते तिचं उजवं. लाल दिवा चुकीच्या अंगाला लागला होता आणि तो मी लावायला सांगितला होता.

मी काय केलं असेल? मी पुठ्ठेवालीवर ओरडलो. एवढंही कळत नाही तर कशाला शिकवायला उभी राहतेस, म्हणालो. बोट काय, खेळणं काय, तुला काहीच कळत नाही. चारचौघांत म्हणालो.

ती रागावली नाही. रडलीही नाही, तशी अपेक्षा होती. म्हणाली, “काका, सांगितलंत तसं केलं.”

मग तिने नखाने झाकण सोडवायला घेतलं. “पुठ्ठाच आहे,” म्हणाली, “काढून परत लावता येतं.”

मी उठून आलो. घरी तुझ्या आईने विचारलं, आज लवकर? मी सांगितलं, डोकं दुखतंय. तिने चहा दिला आणि माझ्या समोरच बसून राहिली. मिक्सर लावला नाही.

आणखी काही लिहीत नाही.


२१ मार्च

पोरी,

काल वर्ग नव्हता, तरी गेलो. पुठ्ठेवाली एकटी कपाटं आवरत होती. टोपी दिली आणि कपाटाकडे वळली. मी बोटीच्या केबिनचं छप्पर उचललं. काडेपेटीचे दोन तुकडे उभे केले, एक चाकाशी, एक समोरच्या काचेशी. काचेशी होता त्याला मी समोर तोंड करून उभा केला होता, मग वळवला. काचेला पाठ, तोंड मागे, चाकावरच्या माणसाकडे.

त्या सकाळी मी असा उभा होतो. समोर बघत नव्हतो. काचेला टेकून, हाताची घडी घालून तुझ्या नवऱ्याकडे बघत होतो आणि त्याची टर उडवत होतो. चाक कसं धरतोस, म्हशीचं शेपूट धरल्यासारखं. हसत होतो. त्या खलाशाने ऐकलं ते खरं होतं.

मान वळवून पाहिलं तर लाल बोया जवळ आलेला. बोट उजवीकडे न्यायची, एवढं डोक्यात आलं. पण मी उलट्या तोंडाने उभा. बोटीचं उजवं माझ्या डाव्या हाताला. मी म्हणालो, डावीकडे दहा. त्याने डावीकडे फिरवलं. त्याने सांगितलं तसं केलं.

रीतीप्रमाणे त्याने हुकूम मोठ्याने म्हटला असता तर माझ्या कानावर पडला असता. पण ती रीत मी बंद केली होती, त्याचा आवाज मला आवडत नाही म्हणून.

हे सगळं मला पुठ्ठ्याच्या एका बोटीमुळे उमगावं, आणि तेही त्या खळीने माखलेल्या बाईच्या वर्गात, याची मला लाज वाटते. पण उमगलं ते उमगलं. इतकी वर्षं मी मनापासून समजत होतो की मी उजवीकडेच म्हणालो. माणसाच्या मनात अशी गफलत बसते आणि घर करून राहते. सोबत कागद जोडतोय. त्यात लिहिलं आहे की माझ्या उभं राहण्याच्या दिशेमुळे हुकमात अनवधानाने चूक झाली, ती मला त्या वेळी कळली नाही, आणि चाकावरच्या माणसाचा दोष नव्हता. खाली सही आहे. सुनावणीला एवढं पुरेल. दोन ओळींच्या जागी सात झाल्या आहेत, सोसून घे.

बाबा


२५ मार्च

पोरी,

तुझा फोन आला तेव्हा मी दारातच उभा होतो. तुझ्या आईने रिसीव्हर पुढे केला, मी हात मागे घेतला. मग तिने तू म्हणालीस ते सगळं मला सांगितलं, शब्द न् शब्द. तू रडलीस. म्हणालीस, बाबांना मुळात माहीतच नव्हतं, मग त्यांचा काय दोष, उगाच मी इतकी वर्षं धरून बसले. त्यालाही सांगितलंस, आणि तो म्हणाला, जाऊ दे, होतं असं. एप्रिलमध्ये दोघं येतो म्हणालीस. माझे आभार मानलेस.

तुझ्या आईने हे सांगून संपवलं. मग म्हणाली, “बोट खडकाला लागली त्या दिवशी घरी आलात तेव्हा चप्पल न काढता आत आलात आणि मला म्हणालात, कोणी विचारलं तर सांग मी कधी चुकत नाही. तेव्हा तुम्हाला अजून कोणीच काही विचारलं नव्हतं.” नऊ वर्षं ती हे घेऊन बसली होती. मी तिला म्हटलं, तेव्हाच का नाही बोललीस? ती म्हणाली, “तुमच्यासमोर कोण बोलतं?”

आधी कामाचं सांगतो. तुला पाठवलेला कागद फाडून टाक. तो देऊ नका. अठ्ठावीसला साडेदहाला मी स्वतः बंदर कार्यालयात येतोय आणि खाली लिहिलेलं सगळं तोंडाने सांगून सही करणार आहे. ‘अनवधानाने’वर परवाना कदाचित मिळेल, कदाचित नाही मिळणार; अधिकारी म्हणतील, हुकूम आंधळेपणाने पाळला, समोर खडक दिसत होता तर याने का नाही विचारलं? त्याला उत्तर आहे. ते फक्त मला आणि तुझ्या नवऱ्याला माहीत आहे, आणि तो सांगणार नाही. खलाशांच्या सभागृहात माझी तसबीर आहे, ती उतरवतील. उतरवू देत, तिच्यात मी तसाही शिष्ट दिसतो.

एप्रिलचं काय ते हे वाचून झाल्यावर ठरवा.

पुठ्ठ्याच्या बोटीने डोळे उघडले, असं लिहायला बरं वाटलं. तुलाही वाचायला बरं वाटलं. कसला भंपकपणा! शाळेच्या पुस्तकातल्या धड्यासारखा म्हातारा शेवटी शहाणा झाला आणि सगळ्यांनी डोळे पुसले. कारकुनाला चुकीचा दिवा दिसला तेव्हा मला नवीन काही कळलं नाही. जुनंच परत समोर आलं, चारचौघांत, म्हणून मी ओरडलो. मी पुठ्ठेवालीला मूर्ख म्हणालो, कारकुनाला मूर्ख म्हणालो, तुझ्या नवऱ्याला तर सात महिने रोज म्हणालो. एवढे मूर्ख लागतात एका माणसाला स्वतःकडे न बघण्यासाठी.

त्या सकाळी मी ‘डावीकडे दहा’ म्हणालो, तेव्हा तुझ्या नवऱ्याने चाक फिरवलं नाही. त्याला समोर खडक दिसत होता. बोलायची त्याला बंदी होती, म्हणून त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. ते बघणं त्याने चौकशीत सांगितलं नाही. मला वाटतं सासऱ्याची अब्रू राखली त्याने, आणि त्याबद्दल मी त्याचा अजूनच तिरस्कार केला.

त्या बघण्यात मला सगळं कळलं. मी कुठल्या तोंडाने उभा आहे, बोया कुठे आहे, मी काय बोललो. वेळ होता. चार सेकंद, पाच असतील. ‘चुकलो, उजवीकडे’ एवढं म्हणायचं होतं. खाली एकशेवीस माणसं बसली होती, तीही मला आठवली. पण मिनिटभरापूर्वी मी त्याला विचारलं होतं की तुला डावं-उजवं तरी कळतं का, की तेही माझ्या मुलीला विचारून येतोस. आणि आता त्याच्यासमोर त्याच तोंडाने चुकलो म्हणायचं?

मी म्हणालो, “बघतोस काय, फिरव.”

त्याने फिरवलं.

बाबा